इंजिनाशेजारच्या केबिनमधून गॅलापागोस

गॅलापागोस ही एक्वादोरची पॅसिफिक महासागरातली बेटं, आणि बोट स्वस्तातली घेतली म्हणून ती कमी दिसत नाहीत. घाईत असलेल्यांनी एवढं वाचून थांबलं तरी चालेल. ज्यांना खरोखर पैसे भरायचे आहेत त्यांच्यासाठी पुढचं.

कारण सगळं तिथल्या नियमांत आहे. या बेटांची सुमारे ९७ टक्के जमीन १९५९ पासून राष्ट्रीय उद्यानात मोडते. कुठली बोट कुठल्या दिवशी सकाळी कुठे लागेल आणि दुपारी कुठे, हे उद्यानाचं ऑफिस ठरवतं, कप्तान नव्हे. एका जागी जाऊन आलेली बोट पंधरवड्याच्या आत पुन्हा तिथे फिरकू शकत नाही. परवानाधारक गाइडशिवाय किनाऱ्यावर पाय ठेवता येत नाही, आणि एका गाइडमागे जास्तीत जास्त सोळा माणसं. संध्याकाळी सहाच्या आत सगळे परत बोटीवर. त्यामुळे रोजचे हजार डॉलर मोजणारा पाहुणा आणि आम्ही नणंद-भावजया त्याच पायवाटेने, वाटेची हद्द दाखवणाऱ्या त्याच काळ्या-पांढऱ्या खुंट्यांच्या मधून चालतो. त्याच्या बोटीवर जकुझी असते, आमच्या बोटीवर कपडे वाळत घालायची दोरी होती.

आम्ही माणशी रोजचे अडीचशे डॉलरच्या आसपास दिले. तिथे बोटींचे दर्जे साधारण असे लावतात: टूरिस्ट, टूरिस्ट सुपीरियर, फर्स्ट क्लास आणि लक्झरी. आमची टूरिस्ट सुपीरियर, सोळा प्रवाशांची, आठ दिवसांची. नाव मुद्दाम लिहीत नाही. या दर्जाच्या बऱ्याच बोटींना हे सगळं थोड्याफार फरकाने लागू पडेल, एकीलाच धरून झोडपायचं कारण नाही.

नणंद न्यूजर्सीला असते. माझा मुक्काम तिच्याकडे होताच, तिथून आम्ही एक्वादोरच्या राजधानीला, क्विटोला गेलो. ला मारिस्काल भागात एजंटांची दुकानं आहेत. निघायच्या तारखेला दोन-तीन आठवडे राहिले आणि केबिन रिकाम्या असल्या की भाव उतरतात. बेटांवरच्या पुएर्तो आयोरा गावात ते अजून उतरतात म्हणे, पण तिथे जाऊन बोटीची वाट बघत बसायची तयारी हवी. आमच्यात ती नव्हती. खालच्या मजल्यावरची दोन बंकची केबिन उरली होती, म्हणून सूट मिळाली. ती का उरली होती ते पहिल्या रात्री कळलं.

माझी नोकरी बँकेतली, सगळा जन्म लोकांच्या कर्जाची कागदपत्रं वाचण्यात गेला. त्यामुळे बारीक टाइपातलं मी आधी वाचते. एजंटकडून हे लेखी घ्या: रोजचा मार्ग बेटांच्या नावांसकट, केबिनचा नंबर, वेटसूटचं (गार पाण्यात घालायच्या रबरी पोशाखाचं) भाडं धरलंय की वेगळं, आणि बोट ऐनवेळी बदलली तर बदली बोट त्याच दर्जाची देणार का. शेवटच्या मुद्द्यावर आमचा एजंट जरा चुळबुळला. मी पेन पुढे केलं, त्याने लिहून दिलं.

दिवस कसे मोजतात तेही बघा. पहिला दिवस दुपारी विमान उतरल्यावर सुरू होतो आणि शेवटचा न्याहारीनंतर संपतो, पण दोन्ही पूर्ण दिवस म्हणून धरतात. पाच दिवसांच्या सहलीत हातात खरे तीनच दिवस पडतात. शिवाय बोटीच्या पैशात जे येत नाही ते असं: मुख्य भूमीवरून बेटांवर जायचं विमान, वीस डॉलरचं प्रवास-कार्ड आणि उद्यानाचं प्रवेश शुल्क. परदेशी प्रौढ माणसाला हे शुल्क आधी शंभर डॉलर होतं, ऑगस्ट २०२४ पासून दोनशे झालं. रोख न्या. एक्वादोरचं चलन २००० सालापासून अमेरिकन डॉलरच आहे, त्यामुळे पैसे बदलायची कटकट नाही. मात्र वीसच्या वरची नोट काढली की दुकानदाराचं तोंड वाकडं होतं. टिपांचेही पैसे बाजूला ठेवा. शेवटच्या रात्री दोन पाकिटं फिरतात, एक गाइडचं, एक खलाशांचं.

विमानात बसण्याआधी सामान तपासतात, कारण बाहेरचं बी, फळ, किडा-मुंगी काही बेटांवर जायला नको. नणंदेची बडीशेप तिथेच राहिली. बी ते बी, भाजलेलं की कच्चं याचा खल तिथल्या बाईंनी केला नाही. आलेपाक सुटला, आणि पुढे तो सगळ्या बोटीला पुरवावा लागला.

केबिनबद्दल. दोन बंक, मध्ये एका वेळी एकीनेच उभं राहायचं. खिडकी म्हणजे हाताएवढं गोल भोक, पाण्याला लागून. बाथरूममध्ये कमोडवर बसूनच अंघोळ उरकावी अशी रचना, आणि गरम पाणी पहिल्या तिघांच्या नशिबी. हे सगळं मी चालवून घेतलं. इंजिन मात्र भिंतीपलीकडेच होतं. या बोटी प्रवास रात्री करतात, म्हणजे सकाळी उठल्यावर नवं बेट समोर. छान वाटतं ऐकायला. जेवणं आटोपली की इंजिन धडधडायला लागायचं ते पहाटे नांगर पडेपर्यंत, आणि डिझेलचा वास उशीपर्यंत यायचा. त्यात सप्टेंबर. जून ते नोव्हेंबर तिकडे थंड, ढगाळ हवा, समुद्र खवळलेला. हेनोवेसा बेटाला जाण्याच्या रात्री मी बंकची कड दोन्ही हातांनी धरून झोपले, म्हणजे झोपले नाही. उलटीच्या गोळ्या जेवणानंतर नव्हे, आधी घ्या. शक्य असेल तर वरच्या मजल्यावरची केबिन मागा. मार्ग पक्का झाल्यावरही पैसे उरत असतील तर ते इथे घाला.

जेवणाचं मला टेन्शन होतं, कारण नणंद पूर्ण शाकाहारी. बुकिंग करताना लिहून दिलं होतं, तरी पहिल्या रात्रीच्या भाजीच्या सुपात मासळीचा वास होता. स्वयंपाक्याला वाटलं, तुकडे काढले की झालं शाकाहारी. गाइडने मध्ये पडून समजावलं, त्यानंतर तक्रारीला जागा राहिली नाही. भाताबरोबर मसूर किंवा घेवड्याची दाट उसळ असते, तिला मेनेस्त्रा म्हणतात. नणंदेने ती रोज मागून घेतली. हिरव्या केळ्याचे जाड काप तळून, चेपून पुन्हा तळतात, ते पाताकोनेस. आणि टेबलावर आही नावाची मिरचीची चटणी. ती जपून वाढायचे, आमच्यामुळे बाटली लवकर संपली. चहा मात्र पिशवीचा, दूध पावडरचं.

आता ज्यासाठी जायचं ते.

हेनोवेसा उत्तरेला एका बाजूला पडलेलं बेट आहे. किनाऱ्यावरच्या गावात राहून रोजच्या सहली करणाऱ्यांना तिथे जाता येत नाही, रात्रभर प्रवास करणारी बोटच लागते. ब्रिटनचे प्रिन्स फिलिप तिथे येऊन गेले, त्यांच्या नावाच्या दगडी पायऱ्या चढून वर सपाटीवर गेलं की झुडपांवर लाल पायांचे बूबी बसलेले. (बूबी म्हणजे मासे मारणारे समुद्रपक्षी. निळ्या पायांचे जमिनीवर अंडी घालतात, हे लाल पायांचे झाडावर.) वाटेवरून चालताना ते हातभर अंतरावर असतात आणि आपल्याकडे बघतही नाहीत. नियम दोन मीटर लांब राहायचा आहे, पण पक्ष्यांना तो कुणी सांगितलेला नाही.

त्या सपाटीच्या टोकाला भेगाळलेला लाव्हा आहे, आणि भेगांमध्ये स्टॉर्म पेट्रेलची घरटी. चिमणीपेक्षा जरा मोठे, काळसर पक्षी, हजारोंनी घिरट्या घालत असतात. जगात इतरत्र ही जात बहुतेक रात्रीच घरट्याकडे येते, शिकाऱ्याच्या नजरेला पडायला नको म्हणून. इथले दिवसाढवळ्या येतात. त्यामुळे इथलं घुबडही दिवसपाळी करतं. गाइडने बोलणं थांबवलं आणि हनुवटीने एका खडकाकडे खूण केली. मला नुसता खडक दिसला. मग खडकाने मान फिरवली. तपकिरी, लाव्हाच्याच रंगाचं, पिवळ्या डोळ्यांचं घुबड. ते उडालं नाही, दबकत चालत एका भेगेपाशी गेलं, बाजूला अंग चोरून उभं राहिलं आणि एक पाय मांडीपर्यंत आत घातला. आत चाचपडताना डोळे मिटलेले. पाय रिकामा बाहेर आला. पुढची भेग. तिथेही काही नाही. आम्ही पंधरा-सोळा माणसं श्वास धरून उभी, पण त्याच्या लेखी आम्ही नव्हतोच. आसपास पेट्रेलचे सुटे पंख पडले होते, म्हणजे रोज काही रिकाम्या हाताने जात नसणार.

दुसरं, एस्पान्योला. जगातले जवळजवळ सगळे वेव्हड अल्बट्रॉस (मोठे समुद्रपक्षी) या एका बेटावर अंडी घालतात. एप्रिल ते डिसेंबर मुक्काम, मग पेरूकडच्या समुद्रावर. जानेवारी ते मार्चमध्ये जाणाऱ्याने अल्बट्रॉसची आशा धरू नये आणि एजंटने दाखवली तर विश्वास ठेवू नये. पंख पसरले की सव्वादोन मीटरच्या वर भरतात, आणि एवढ्या पंखांना जागेवरून उडता येत नाही. म्हणून तो कड्यापर्यंत पायी जातो. गुडघे बदललेल्या माणसासारखा, डावी-उजवीकडे झुलत, मध्येच थांबून. आमच्या वाटेवरच एक आला. गाइडने सगळ्यांना बाजूला केलं, तो आमच्यामधून गेला, कड्यावर उभा राहिला, वाऱ्याचा अंदाज घेतला आणि नुसता पुढे पडला. खाली जाऊन दिसेनासा झाला म्हणून नणंदेने ‘अगं बाई’ केलं, तोवर तो पंख न हलवता पार समुद्रावर होता. मागे झुडपात त्याचं किंवा कुणाचं तरी पिल्लू बसलं होतं. तपकिरी, विस्कटलेल्या पिसांचं, आकाराने बापाएवढं आणि अजून कुणीतरी भरवायची वाट बघणारं.

याच बेटावरची महाकाय कासवं १९६० च्या दशकात चौदा उरली होती. सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून आणखी एक नर, दिएगो, आणून त्यांची पैदास केली. दोन हजारांच्या आसपास पिल्लं बेटावर सोडली गेली आणि २०२० साली म्हाताऱ्या दिएगोलाही परत नेलं. आम्ही जिथे उतरलो त्या भागात कासवं नसतात, ती नंतर सांता क्रूझ बेटावर बघितली. गाइडने ही गोष्ट फार रंगवून सांगितली, विशेषतः दिएगोच्या कर्तबगारीचा भाग.

गाइड उत्तम होता. सान क्रिस्तोबाल बेटावर जन्मलेला, इंग्रजी मोडकं पण स्पष्ट, आणि कधी गप्प बसायचं हे कळणारा. स्वस्त बोटींवर गाइड यथातथाच असतात असं सगळीकडे वाचलं होतं, आमच्या वाट्याला चांगला आला. हे नशिबावर सोडायचं नसेल तर गाइडला इंग्रजी किती येतं हे तरी एजंटला विचारा.

पाण्यातल्या भागाला मी कमी गुण देईन, आणि तो दोष बोटीचा. मास्क जुने, रबर कडक झालेलं, माझ्यात दर दोन मिनिटांनी पाणी. हंबोल्ट नावाच्या थंड सागरी प्रवाहामुळे तिथलं पाणी विषुववृत्तावर असूनही चांगलंच गार, त्यात वेटसूट विरलेला. स्वतःचा मास्क घरून नेणं उत्तम. मला पोहणं बेताचंच येतं. गाइडने फुगवलेली रिंग दिली, ती धरून तरंगले, दोरी त्याच्या हातात. पोहता येत नाही म्हणून घाबरून जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, मागितलं की मिळतं. सी लायनची पिल्लं रिंगभोवती गिरक्या घेत होती, एकाने माझ्या पायातला फिन तोंडात धरून पाहिला.

बाकी जागा: साउथ प्लाझा आणि सांता फे छान. फ्लोरेआना बेटावरच्या पोस्टाच्या पिंपाचं कौतुक मला कळलं नाही. व्हेल मारणाऱ्यांच्या काळापासून तिथे पत्रं टाकायची आणि दुसऱ्याने आपल्या गावची उचलून न्यायची प्रथा आहे. आता तिथे रांग लावून फोटो काढतात.

हे सगळं बोटीशिवाय करता येतं का? बरंचसं येतं. पुएर्तो आयोरात खोली घ्यायची, संध्याकाळी किओस्कोच्या (खाण्याच्या टपऱ्यांच्या) गल्लीत जेवायचं, एका बेटावरून दुसऱ्यावर तीस-पस्तीस डॉलरच्या स्पीडबोटीने जायचं आणि मधूनमधून एका दिवसाच्या सहली घ्यायच्या. कुटुंब मोठं असेल, बरोबर लहान मुलं असतील, कुणाला बोट लागत असेल तर तेच करावं. एस्पान्योलाला सान क्रिस्तोबालहून दिवसाची सहल मिळते. हेनोवेसा आणि पश्चिमेचं फर्नांदिना या दोघांसाठी मात्र रात्रीच्या बोटीला पर्याय नाही. म्हणून बोटीचे पैसे भरायचेच असतील तर यांपैकी एक तरी मार्गात हवंच. गावातून दिवसात होणारी बेटं दाखवणारी बोट कितीही चकचकीत असली तरी माझ्या मते ते पैसे वाया.

साठीच्या बायकांना झेपतं का, असं मैत्रिणी विचारतात. चालणं फार नाही, दोन-तीन किलोमीटर, पण खडक ओबडधोबड आणि छोट्या होडीतून उतरताना लाटेचा हिशेब धरून पाय टाकावा लागतो. कुठे खडकावर उतरायचं, कुठे गुडघाभर पाण्यात. खलाशी कोपराच्या वर घट्ट धरतात, आपणही त्यांना तसंच धरायचं. बोटं धरली की घसरतं. पुढच्या वेळी मी फर्नांदिनाचा मार्ग घेईन, याच दर्जाच्या बोटीने, वरच्या मजल्यावर. नणंदेने तिच्यापुरती फर्स्ट क्लासची चौकशी सुरू केली आहे.