एलसीएल सेवा: बंदरापासून दूरच्या छोट्या शहराला किती कामाची?

वीस फुटी कंटेनरची आतली जागा साधारण 33 घनमीटर. छोट्या शहरातल्या कारखान्याची ऑर्डर पुष्कळदा तीन-चार घनमीटरचीच असते. अख्खा कंटेनर परवडत नाही, म्हणून माल मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्याला विकायचा. परदेशी ग्राहक कोण, हेही कळत नाही. एलसीएलमध्ये (लेस दॅन कंटेनर लोड) अनेकांचा माल एकाच कंटेनरमधून जातो आणि ज्याने-त्याने आपल्या जागेपुरतं भाडं भरायचं. छोट्या शहराला थेट जगाशी जोडणारी याहून मोलाची सेवा आमच्या मते दुसरी नाही. मात्र कंटेनर जवळच्या ड्राय पोर्टवर, म्हणजे समुद्रापासून दूर असलेल्या कस्टम्सच्या माल-केंद्रावर, भरला जाऊन कस्टम्सचं कामही तिथेच उरकायला हवं. सुटा माल ट्रकने बंदरापर्यंत नेला की चढ-उतार वाढते, खोकी चेपतात, जहाजाची कटऑफ, म्हणजे माल घेण्याची शेवटची वेळ, हुकते.

फुटबॉल आणि शस्त्रक्रियेची उपकरणं जगभर पाठवणाऱ्या पाकिस्तानातल्या सियालकोटच्या निर्यातदारांनी ड्राय पोर्ट तर उभारलाच, पुढे स्वतःच्या पैशांतून विमानतळही बांधला. तो 2007 मध्ये सुरू झाला.

भाडं 1 घनमीटर किंवा 1000 किलो, यात जे जास्त भरेल त्यावर लागतं. 120 × 100 सेंमीचं पॅलेट (खोकी रचायची सपाट फळी) मालासकट 140 सेंमी उंच झालं तर 1.68 घनमीटर. एकच खोकं रुंदीत 10 सेंमी बाहेर आलं, तर अख्खं पॅलेट 110 सेंमी रुंद धरतात आणि आकडा 1.85 वर जातो. म्हणून खोक्याचं माप पॅलेटवरून ठरवा, उलटं नको. माल 13 ते 15 घनमीटरच्या पुढे गेला की पूर्ण कंटेनरचा दर मागवाच. बहुधा तोच स्वस्त पडतो.

सगळ्यात खटकणारी बाब म्हणजे पोहोचल्यावरचे चार्जेस. समुद्रभाडं अगदी नगण्य दाखवायचं आणि कंटेनर रिकामा करणं, हाताळणी, डिलिव्हरी ऑर्डर (माल सोडवायचा कागद) या नावांखाली ग्राहकाकडून वसूल करायचं, ही या धंद्यातली जुनी खोड. पहिल्याच ऑर्डरला असं बिल आलं की ग्राहक तुटतो. बुकिंगआधी दोन्ही टोकांचे दर लेखी घ्या.

शिवाय एकाच्या कागदांत चूक निघाली तर सगळ्यांचा कंटेनर अडतो. त्यावर आपला इलाज नाही. आपल्यामुळे इतरांचा अडू नये एवढं हातात आहे. लाकडी पॅलेटवर आयएसपीएम-15 चा, म्हणजे लाकडातून कीड पसरू नये यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा, शिक्का हवा. हीट ट्रीटमेंट असेल, तर लाकडाचा गाभा सलग 30 मिनिटं किमान 56 अंश सेल्सिअसला राहिलेला असावा लागतो. प्लायवूडच्या पॅलेटला ही अट नाही.

विक्रीच्या करारात जोखीम कुठे बदलते ते ठरवणारी अट एफओबी लिहू नका, एफसीए लिहा; एफसीएत माल खरेदीदाराच्या वाहतूकदाराला दिला की विकणाऱ्याची जोखीम संपते. माल ड्राय पोर्टवर फॉरवर्डरच्या (माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या एजंटाच्या) ताब्यात गेला, तरी एफओबीत तो जहाजावर चढेपर्यंतची जोखीम विकणाऱ्याचीच राहते. बँकेला ऑन-बोर्ड बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याचा वाहतूकदाराचा दाखला) लागत असेल, तर इन्कोटर्म्स 2020 मध्ये, म्हणजे अशा अटींच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत, एफसीएखाली त्याची सोय आहे: वाहतूकदाराने ते विकणाऱ्याला द्यावं, अशी सूचना खरेदीदाराने द्यायची. हे कलम करारातच लिहून घ्या.