नहराच्या मायनरचं नवं गेट, दोन हंगाम वापरल्यानंतर: सगळं चांगलं, खालचं रबर सोडून

गेट बंद, कुलूप लागलेलं, स्क्रू शेवटच्या आट्यापर्यंत खाली, आणि तरीही खालून पाणी चाललेलं. रब्बीच्या दुसऱ्या पाळीत हे पाहिलं आणि ठरवलं की या कामाचा अनुभव नीट लिहून काढायचा. आपण मोटार घेतली, फवारणीचा पंप घेतला की त्यावर चार ओळी लिहितो. नहराच्या गेटवर कित्येक कास्तकारांचा हंगाम टांगलेला असतो, पण त्यावर कोणी लिहीत नाही. नवख्यांसाठी एवढंच: मोठ्या नहराची शाखा ती वितरिका, वितरिकेतून निघणारा छोटा नहर तो मायनर, त्याचं शेवटचं टोक म्हणजे टेल, ठरलेल्या वेळी सुटणारं पाणी ती पाळी आणि पाणी वाटणारा माणूस तो पाटकरी.

आमची वावरं वैनगंगेच्या खोऱ्यातल्या धानपट्ट्यात, मायनरच्या टेलला. जुन्या गेटचा पत्रा खालून सडून गेला होता, रॉड वाकलेला, हँडल कधीच चोरीला गेलेलं. बंद करायचं म्हणजे तणस आणि मातीची पोती कोंबायची, उघडायचं म्हणजे ती काढून फेकायची. ज्याच्या मनात आलं तो रात्री पोतं काढायचा आणि सकाळी टेलवाले कोरडी चारी बघत बसायचे. त्यामुळे मागच्या उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी नहर बंद राहणार असं कळलं तेव्हा मी त्या बाजूनेच होतो.

उन्हाळा कोरडा होता. धरणात साठा कमी, पिण्यासाठी राखून ठेवायचा, म्हणून उन्हाळी धानाला पाणी नाही हे आधीच जाहीर झालं होतं. आमच्या भागाला हे नवीन नाही. 2019 च्या उन्हाळ्यात तोतलाडोह धरणाचा जिवंत साठाच संपला होता आणि नागपूर शहराला मृतसाठ्यातून पाणी द्यावं लागलं होतं. अशा वर्षी शेतीचं पाणी सगळ्यात आधी कापलं जातं, हे धरूनच आम्ही चालतो. नहर नाहीतरी कोरडाच राहणार, तर त्याच वेळी दुरुस्ती उरकून घ्यायची, हा पाटबंधारे विभागाचा विचार बरोबर होता आणि आजही मला तो बरोबरच वाटतो.

बंदीचा त्रास झाला तो विहिरीला. नहरालगतच्या विहिरी पाझरावर जगतात. नहर सुटला की आठवड्याभरात पाणी वर येतं आणि नहर बंद झाला की उतरत जातं. त्या उन्हाळ्यात माझ्या विहिरीत एप्रिल संपता संपता मोटार तासभरही चालेना. वांगी वाळली. मुगाला दुसरं पाणी देता आलं नाही. शेजारच्या बोडीतून (लहान तळ्यातून) इंजिन लावून पाणी ओढलं, पण डिझेलचा हिशोब केला तेव्हा ती वांगी विकत आणून खाल्ली असती तरी स्वस्त पडली असती. बंदीची तारीख आम्हाला पेरणीआधी कळली असती तर मूग टाकलाच नसता. बंदी घ्या, पण जानेवारीत सांगा. मार्चमध्ये सांगून काय उपयोग?

दुसरी गोष्ट, काँक्रीट. नहराच्या लायनिंगचं, म्हणजे आतल्या काँक्रीटच्या अस्तराचं, काम नहर कोरडा असतानाच करावं लागतं आणि आपल्याकडे तो कोरडा असतो तेव्हा ऊन 45 अंशांचं असतं. ताज्या काँक्रीटला अशा उन्हात निदान दहा दिवस ओलं ठेवायला हवं आणि नेमकं तेव्हा आजूबाजूला थेंबभर पाणी नसतं. इथे ठेकेदाराने टँकर लावला, पोती अंथरली, संध्याकाळी माणूस पाणी मारायला यायचा. दुपारी यायचा नाही. दुपारी दोन वाजता मी स्वतः पोतं उचलून पाहिलं आहे, खालचं काँक्रीट पांढरं पडलेलं आणि हाताला चटका देणारं. त्या वेळी वाटलं होतं की पहिल्याच पावसाळ्यात हे उखडणार. आपल्या भागात लायनिंगवर विश्वास बसायला वेळ लागतो. 1988 साली भूमिपूजन झालेल्या गोसीखुर्दच्या डाव्या कालव्याचं अस्तरीकरण निकृष्ट निघालं आणि ते पुन्हा करायची वेळ आली, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

पण उखडलं नाही. आमच्याकडे काळी माती आहे, पावसात फुगते, उन्हात आटून भेगाळते आणि तिच्यावर थेट काँक्रीट टाकलं की स्लॅब उचलले जातात. या वेळी काळी माती खरवडून खाली मुरुमाचा थर दाबून घेतला होता. रोलर फिरताना मी पाहिला. दोन हंगाम झाले, दोन-तीन ठिकाणी सांध्यातलं डांबर निघालं आहे, बाकी लायनिंग जागच्या जागी आहे. त्याला माझ्याकडून पूर्ण गुण.

आता गेट. मायनरच्या तोंडाशी नवं स्क्रूचं गेट बसवलं. जाड पत्रा, वर गिअरचा डबा, काढता येणारं हँडल, साखळी आणि कुलूप. किल्ली पाटकऱ्याकडे आणि दुसरी आमच्या पाणी वापर संस्थेकडे, म्हणजे मायनरवरच्या कास्तकारांच्या संस्थेकडे. हँडल काढता येतं ही फार मोठी सोय आहे, कारण हँडलच नसलं की रात्री कोणी गेट उचलू शकत नाही. ग्रीस मारलं तर एका हाताने फिरतं. माझ्या म्हाताऱ्या काकांनीसुद्धा ते उघडलं आहे.

खरिपात मला याची खरी किंमत कळली. पाऊस सप्टेंबरच्या शेवटी गेला तो गेलाच. भारी (उशिरा पिकणारा) धान गर्भात होता, लोंबी अजून पोटातच. त्या अवस्थेत बांधीला (धानाच्या खाचराला) भेग पडली की लोंबी पोचट निघते, मग कितीही खत टाका. ऑक्टोबरमध्ये पाळी सुटली. पाळी टेलकडून सुरू करायची हा नियम कागदावर कधीपासून आहे, पण जुन्या गेटाने तो पाळताच येत नव्हता, कारण वरच्यांना अडवायचं कशाने? या वेळी वरचे आउटलेट (वावरांकडे पाणी काढायची तोंडं) बंद, मायनरचं गेट पूर्ण उघडं, आणि रात्री अकराच्या सुमारास पाणी माझ्या धुऱ्याला (बांधाला) लागलं. टॉर्चच्या उजेडात आधी पालापाचोळा आला, मग फेस, मग पाणी. वडिलांच्या वेळेपासून मी ही वावरं करतो आहे, ऑक्टोबरच्या पाळीचं पाणी टेलला पहिल्या रात्री आलेलं मी याआधी पाहिलं नव्हतं. बंदीत वाळलेली वांगी, डिझेल, सगळं त्या रात्री माझ्या लेखी वसूल झालं. तेव्हा लिहिलं असतं तर फक्त कौतुकच लिहिलं असतं.

मग रब्बी आली.

गेट खाली बसतं तिथे, पत्र्याच्या खालच्या काठाला, रबराची पट्टी असते. लोखंड आणि सिमेंटच्या उंबऱ्यामधली फट ती भरून काढते. एवढंच तिचं काम. आमच्या गेटला ती पट्टी साध्या बोल्टने थेट पत्र्याला आवळलेली होती. रबरावर लोखंडी पट्टी दाबून मग बोल्ट मारायला हवे होते, ते केलेलं नव्हतं. वॉशरही नव्हते. पाण्याचा दाब आला की बोल्टाच्या भोकापाशी रबर ताणतं आणि तिथूनच फाटत जातं. त्यात उंबऱ्यावर एखादा गोटा अडकलेला असताना कोणी गेट जोराने खाली फिरवलं की रबर कापलंच समजा. जानेवारीत आमच्या गेटची अर्धी पट्टी लोंबत होती आणि उरलेले बोल्ट गंजून लाल झाले होते.

एवढ्याशा रबराचं काय घेऊन बसलास, असं मला घरातल्यांनीही विचारलं. म्हणून हिशोब देतो. गेट साठ सेंटिमीटर रुंद. खाली फक्त एक सेंटिमीटरची फट. वितरिकेत मीटरभर पाणी उभं. एवढ्या फटीतून सेकंदाला साधारण 16 लिटर पाणी जातं. दिवसभराचं धरलं तर 13 ते 14 लाख लिटर. एका एकरात दोन इंच पाणी उभं करायला दोन लाख लिटर लागतात. म्हणजे गेट बंद असताना, पाळी दुसऱ्याची असताना, रोज सहा-सात एकरांचं पाणी आमच्या मायनरमध्ये फुकट उतरत होतं.

आणि त्याचा फायदा कोणालाच नाही. ही धार टेलपर्यंत येत नाही, वरच्या खोलगट वावरांत जिरते. तिथे हरभरा होता. हरभऱ्याच्या मुळाशी पाणी साचलं की तो पिवळा पडून मरतो, तसा तो पडला. ज्यांना पाणी नको त्यांच्या वावरात चिखल आणि ज्यांची पाळी होती त्या पुढच्या मायनरवाल्यांना पाणी कमी. शिवाय आमच्या संस्थेला पाणी घनमापनाने, म्हणजे मोजून, मिळतं; मोजणी मायनरच्या तोंडाशी होते. गळलेलं पाणी आमच्याच कोट्यातून वजा आणि त्याची पाणीपट्टीही आम्हीच भरायची. मी पाणीपट्टी वेळेवर भरणारा माणूस आहे. न वापरलेल्या पाण्याचे पैसे भरताना मला राग येतो आणि तो यायलाच पाहिजे.

तक्रार केली. शाखा कार्यालयात सांगितलं की काम दोषदायित्वाच्या मुदतीत आहे, ठेकेदार करून देईल. ठेकेदाराचा माणूस आला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "रबर काय भाऊ, चप्पल झिजते तसं झिजतेच. ते आमच्याकडे येत नाही." पाटकरी भला माणूस, त्याने आपल्या परीने तोडगा सुचवला, "पोतं टाका ना जी तोवर." पोतं टाकायचं होतं तर नवं गेट कशाला बसवलं? मी पोतं टाकलं नाही, संस्थेच्या सचिवांनाही टाकू दिलं नाही. एकदा पोतं पडलं की गळती दिसत नाही आणि दिसत नाही ती गळती कोणी दुरुस्त करत नाही.

सचिवांनी माहिती अधिकारात दहा रुपये भरून अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाच्या नोंदवहीची) प्रत मागितली. अंदाजपत्रकात गेटच्या बाबीतच रबर सील, दाबपट्टी आणि गंज न लागणारे बोल्ट लिहिलेले होते. मोजमाप पुस्तिकेत ते बसवल्याची नोंद होती. प्रत्यक्षात दाबपट्टी नव्हती आणि बोल्ट साधे होते. हे कागद समोर ठेवल्यावर बोलण्याचा सूर बदलला, दुरुस्तीचं तोंडी कबूल झालं, पण तारीख मिळेना आणि पुढची पाळी तोंडावर आली.

शेवटी आम्हीच केलं. नागपूरहून जाड रबर आणलं, गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी दाबपट्टी कापून भोकं पाडून घेतली, गंज न लागणारे बोल्ट घेतले. सगळं मिळून हजाराच्या आत. पाळी बंद असताना सकाळी गेट वर उचललं, उंबऱ्यावरचा गाळ आणि गोटे खरवडून काढले, जुनं रबर काढलं, नवं दाबपट्टीखाली आवळलं. दुपारपर्यंत काम संपलं. वितरिकेला पाणी आल्यावर गेटखाली हात घालून पाहिला. ओल होती, धार नव्हती. त्यानंतर एक पूर्ण पाळी गेली, गेट अजून तसंच धरून आहे.

हजार रुपये मोठे नाहीत, संस्थेने भरले. पण ते ठेकेदाराच्या बिलात आधीच दिले गेले होते, म्हणून ते परत मिळावेत असं पत्र आम्ही दिलं आहे. सोबत जुन्या बोल्टांचे फोटो आणि अंदाजपत्रकाचं ते पान जोडलं आहे. ठेकेदाराची सुरक्षा ठेव सोडण्याआधी या रकमेचा निकाल लावा एवढंच मागणं आहे.

ज्यांच्या मायनरवर येत्या उन्हाळ्यात बंदी येणार आहे त्यांच्यासाठी. लायनिंगच्या कामावर उभं राहाल तर मुरुमाचा थर आणि दुपारची पोती बघा. गेट बसवताना मात्र माणूस हजर ठेवाच. रंग मारण्याआधी खाली वाकून बघा. रबरावर दाबपट्टी आहे का, बोल्ट कसले आहेत, उंबरा सपाट आहे का. गेट एकदा पाण्यात गेलं की हे काही दिसत नाही. सिंचन व्यवस्थापनाच्या 2005 च्या कायद्याने मायनर आपल्या संस्थेच्या ताब्यात येतो. ताबा घेताना पाणी उभं करून, गेट बंद करून चाचणी मागा आणि ती झाल्याशिवाय सही करू नका. आमच्याकडे सही कोरड्या नहरात झाली होती.

विहिरीचं मात्र अजून कळायचं आहे. लायनिंगमुळे पाझर कमी झाला असणार, आणि ऑक्टोबरची पाळी होऊनही माझ्या विहिरीचं पाणी नेहमीपेक्षा खाली आहे. उन्हाळा गेल्यावर त्याबद्दल इथेच भर घालीन. शेजारच्या मायनरवरही त्याच ठेकेदाराने तसंच गेट बसवलं आहे. काल त्यांच्या सचिवांना दाखवायला नेलं, त्यांच्या पट्टीलाही दाबपट्टी नाही. ते पाळीआधी गेट उचलणार आहेत, आमच्याकडचं उरलेलं रबर त्यांना पुरेल.