प्लेयर्स हँडबुक २०२४ : जादू करणाऱ्यांची नावं मराठीत पाडताना

डंजन्स अँड ड्रॅगन्स या एकेक पात्र होऊन, फासे टाकत गोष्ट रंगवायच्या गेमचं हे नवं प्लेयर्स हँडबुक, म्हणजे खेळाडूंचं नियमांचं पुस्तक, आम्ही बरेच महिने रोज म्हणावं इतकं वापरतोय, पण नेमकं कशासाठी वापरतोय ते आधी सांगते म्हणजे रिव्ह्यू वाचायला सोपा जाईल. दर रविवारी दुपारी माझे दोन भाचे, एक पुतणी आणि त्यांचे शाळेतले मित्र जमतात आणि आम्ही खेळतो, पुस्तक इंग्रजी पण बोलणं सगळं मराठी. पहिल्याच रविवारी गाडी अडली. विझर्ड, सॉर्सरर, वॉरलॉक हे जादू करणाऱ्या पात्रांचे तीन प्रकार, गेममध्ये त्यांना क्लास म्हणतात, या तिघांना मराठीत म्हणायचं काय? डिक्शनरीत तिघंही जादूगार नाहीतर मांत्रिक नाहीतर चेटक्या. पुतणी म्हणाली, काकू, मग तीन कशाला ठेवलेत, एकच ठेवायचा ना.

तिचं चूक नव्हतं. १९७४ साली हा गेम पहिल्यांदा आला तेव्हा खरंच एकच होता, नावसुद्धा नुसतं मॅजिक-युजर, आणि वॉरलॉक, सॉर्सरर, विझर्ड ही त्याच माणसाची लेव्हल वाढली की मिळणारी बिरुदं होती. वेगळे क्लास ते नंतर झाले. आता ३८४ पानांच्या या पुस्तकात १२ क्लास आहेत आणि त्यात जादूवरच चालणारे सहा आहेत, बार्ड, क्लेरिक, ड्रुइड आणि वरचे तिघं.

पुस्तकाची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येकाची जादू येते कुठून हे ते अगदी स्वच्छ सांगतं. विझर्ड अभ्यास करून शिकतो आणि मंत्र वहीत लिहून ठेवतो, सॉर्सररच्या ती अंगातच असते, वॉरलॉक कुणा बलाढ्य शक्तीशी करार करतो, क्लेरिकला देव देतो, ड्रुइडला निसर्ग, आणि बार्ड गाण्या-वाजवण्यातून करतो. हे वाचलं आणि कोडं सुटलं, की शब्दाचं भाषांतर करायचंच नाही, जादू जिथून येते तिथून नाव पाडायचं. मूळ इंग्रजी शब्दही काही फार इमानदार नाहीत, सॉर्सररच्या मुळाशी लॅटिनमधला चिठ्ठ्या टाकण्याचा शब्द आहे, म्हणजे आपल्या कोकणातला कौल लावणाराच जवळपास, त्याचा रक्तातल्या जादूशी काही संबंध नाही, ते गेमवाल्यांनी ठरवलं. मग आपण का नाही ठरवायचं.

तर आमची नावं. विझर्ड झाला पोथीकर, कारण पोथी हरवली की तो अडलाच. सॉर्सररला आधी जन्मसिद्ध म्हटलं होतं पण उच्चारलं की सगळी पोरं एका सुरात हक्क ओरडायची, खेळ थांबायचा, म्हणून आता उपजत्या. ड्रुइड राईकर, देवराईतला, आणि हे मला फार पटलंय कारण जुने ड्रुइडही झाडांच्या राईतच पूजा करायचे असं रोमन लोकांनी लिहून ठेवलंय, आणि आपल्या सह्याद्रीत तर गावोगाव देवराया आहेत, पोरांनी पाहिल्यात, समजवावं लागत नाही. क्लेरिक अंगारेकरी, अंगारा लावून बरं करणारा. बार्डला शोधावंच लागलं नाही, शाहीर, हातात डफ दिला की झालं.

वॉरलॉकवर मात्र दोन रविवार गेले. करारी म्हणून पाहिलं पण त्याचा अर्थ आधीच बाणेदार असा आहे, घोटाळा होतो. मग मोठा भाचा म्हणाला की हा तर नवस बोललेला माणूस आहे, आता आयुष्यभर फेडत बसलाय. नवश्या! वॉरलॉकचा जुन्या इंग्रजीतला अर्थ शपथ मोडणारा असा आहे, म्हणजे नवस बुडवणाराच की. आमच्या खेळात त्याने वेताळाला नवस बोललाय आणि वेताळ मधूनमधून वसुलीला येतो.

काही शब्द मुद्दाम टाळले ते पण सांगते, कारण नावं पाडताना हे बघायलाच हवं. चेटकीण आमच्या टेबलावर नाही. त्या शब्दाखाली खऱ्या बायकांना मारलंय, गावाबाहेर काढलंय, २०१३ साली राज्याला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो उगाच नाही. आणि नेक्रोमान्सरला, म्हणजे मेलेल्यांना उठवणाऱ्या विझर्डला, मसणजोगी भारी वाटत होतं पण ते एका भटक्या समाजाचं नाव आहे, त्या समाजातलं पोर उद्या आमच्यात खेळायला बसलं तर? मग मढेउठव्या केलं.

आता तक्रारी. नेक्रोमान्सर या पुस्तकात नाहीच! २०१४ च्या हँडबुकात विझर्डला आठ प्रकार म्हणजे सबक्लास होते, इथे प्रत्येक क्लासला चारच, म्हणून विझर्डचे अर्धे गेले, आमचा मढेउठव्या जुन्या पुस्तकावरच चालतो. दुसरं म्हणजे सबक्लास सगळ्यांना तिसऱ्या लेव्हलला मिळतो, शिकायला सोपं आहे पण नवश्याने नवस नक्की कुणाला बोललाय हे तिसऱ्या लेव्हलपर्यंत मोघमच राहतं, त्याची सगळी गंमत तर तिथेच आहे. आम्ही पहिल्या दिवशीच ठरवतो. आणि शब्द आले कुठून यावर एक पान तरी द्यायला हवं होतं. चित्रं सुंदर, बांधणी मजबूत, इंग्रजी आठवी-नववीच्या पोरांना जडच जातं.

घ्यायच्या आधी एक करा, नियमांचा मूळ भाग २०२५ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली फुकट आहे, श्रेय देऊन त्याचं मराठी करायला पूर्ण परवानगी आहे. माझं पोथीकराचं प्रकरण करून झालंय.

पाचपैकी चार स्टार. आणि हो, नवश्या आता बदललाय. पुतणीने तो क्लास घेतला आणि विचारलं मी काय मग, नवशीण? तिला ते अजिबात चालेना. पुस्तकातल्या इंग्रजी नावांना हा प्रश्नच येत नाही, आपल्याला येतो. कर आणि करी लावलं की तो पण आणि ती पण, पोथीकर, राईकर, अंगारेकरी, वारकरी म्हणतो तसं. म्हणून आता सगळ्यांसाठीच नवसकरी, तिने स्वतः कॅरॅक्टर शीटवर खोडून लिहिलंय. उपजत्याचं काय करायचं ते येत्या रविवारी बघू, कुणाला सुचलं तर सांगा.