मुलींचं उन्हाळी इंजिनिअरिंग शिबिर आणि सोबतचं किट: दिवाळीनंतरचा अनुभव

मे महिन्यात लेकीला फक्त मुलींसाठीच्या इंजिनिअरिंग शिबिराला घातलं होतं. प्रमाणपत्राच्या फोटोवरून मत देण्यात अर्थ नव्हता, म्हणून दिवाळी होऊ दिली.

किट घरी मिळालं: अर्डुइनो उनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाचा क्लोन (नक्कल), सोल्डर न करता तारा जोडायचा ब्रेडबोर्ड, अंतर मोजणारा अल्ट्रासोनिक सेन्सर, बीओ मोटर (खेळण्यातल्या गाडीची छोटी गिअरवाली मोटर), मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर आणि सोल्डरिंग आयर्न. डबा गुलाबी. कशाला, देव जाणे. बोर्ड अजून ठणठणीत आहे. फक्त क्लोनवर यूएसबी जोडणीसाठी सीएच३४० चिप असल्याने आमच्या जुन्या लॅपटॉपवर ड्रायव्हर वेगळा टाकावा लागला. सोबतची ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी मात्र मोटरसाठी कुचकामी. गाडी दारापर्यंत जाऊन धापा टाकते. १८६५० चे (रिचार्ज होणारे लिथियम) दोन सेल, होल्डर आणि चार्जर घ्या.

पैसे वसूल झाले ते ओलाव्याच्या सेन्सरमुळे. तिने तो तुळशीच्या कुंडीत खोचून ठेवला होता. पावसाळ्यात आकडे वेडेवाकडे यायला लागले, तेव्हा उपसून पाहिला तर एका पायावरचं तांबं खाल्लं गेलेलं. ओल्या मातीत सतत वीज सोडली की इलेक्ट्रोलिसिस होतं. मग नवा सेन्सर तिने बोर्डाच्या सतत चालू असणाऱ्या ५ व्होल्टच्या पिनऐवजी कोडने चालू-बंद करता येणाऱ्या डिजिटल पिनवरून चालवला: मोजायच्या वेळी क्षणभर चालू, एरवी बंद. मी विचारलं, मग मोटरही अशीच पिनवर का नाही? "बाबा, पिन २० मिलिअँपिअरच्या वर ताणायची नसते!"

हे तिला शिबिरात कोणी शिकवलं नव्हतं. पण बिघडलं की उघडून बघायची भीड तिथेच मोडली. शाळेच्या रोबोटिक्स क्लबात स्क्रूड्रायव्हर मुलांच्या हातात आणि तक्ता रंगवायला मुली, हे ठरलेलं. इथे ड्रिल, करवत, सोल्डर सगळं मुलींनाच करावं लागलं.

उणिवाही आहेत. शेवटी सगळ्यांनी एकसारखीच लाइन फॉलोअर (जमिनीवरच्या रेषेवरून चालणारी) गाडी केली, तीही तयार कोडवर. शिबिर संपल्यावर विचारपूस शून्य. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात १९८३ पासून संस्थापक डॉ. कलबागांच्या पद्धतीने मुलं गावाच्या खऱ्या गरजांवर हात चालवून शिकतात. त्यापुढे ही गाडी खेळणंच वाटते. फीही जडच.

तरी धाकटीलाही पाठवणार आहे. तुम्ही नाव घालण्याआधी एकच विचारून घ्या: शिबिरात काम करताना एका किटवर किती मुली? आमच्याकडे दोघींत एक होतं, तेवढं चालतं. चौघींत एक असेल तर दोघी नुसत्या बघत बसतील.