पवनचक्क्यांच्या पठारावर फील्डवर्कला जाणाऱ्यांनी हीच गाडी घ्या

मी अर्थशास्त्रात पीएचडी करतेय, विषय आहे पवनचक्क्या आणि सोलरसाठी गेलेल्या जमिनींचं अर्थकारण, आणि गेल्या पावसाळ्यापासून आत्तापर्यंत ह्या भाड्याच्या बोलेरोनं, जी तिचे ड्रायव्हर काका स्वतः चालवतात, साताऱ्याहून चाळकेवाडी, वनकुसवडे आणि त्या पठारावरच्या वाड्यावस्त्यांवर मिळून बारा दिवस फिरले. नुसता ठोसेघरचा धबधबा बघून परत यायचं असेल तर कुठलीही गाडी चालेल, पण ज्यांना वरच्या माणसांशी बोलायचंय, कागद बघायचेत त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितेय.

आधी पैशाचं. दिवसाला २,२०० रुपये डिझेलसकट, ८० किलोमीटरपर्यंत, त्याच्या वर किलोमीटरला १२. मला नेटची जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतनं मिळणारी संशोधनाची फेलोशिप आहे, महिन्याला ३७,००० मिळतात, ऐकायला बरं वाटतं, पण प्रवास, झेरॉक्स, पुस्तकं याच्यासाठी जी वेगळी कंटिन्जन्सी असते ती सामाजिक शास्त्रांना पहिली दोन वर्षं वर्षाला फक्त १०,००० असते, म्हणजे ह्या गाडीचे साडेचार दिवस. बाकीचे दिवस मी फेलोशिपमधनंच भागवले. म्हणून बिल नीट मिळणं फार महत्त्वाचं आहे. ह्याच्या आधी ज्या गाडीनं गेले होते त्यांनी साध्या कागदावर नुसता आकडा लिहून दिला, गाडी नंबर नाही सही नाही, ते बिल परत आलं आणि तीन दिवसांचे पैसे माझ्या खिशातनं गेले. ह्या काकांनी पहिल्याच संध्याकाळी छापील बिलबुक काढलं, तारीख, गाडी नंबर, कुठनं कुठं, किलोमीटर सगळं लिहून सही करून दिलं. आत्तापर्यंत एकही बिल अडकलेलं नाही.

गाडी चालवण्याबद्दल बोलायचं तर जुलैत बोगद्यातनं बाहेर पडून ठोसेघरच्या रस्त्याला लागलं की वर जाईल तसं धुकं एवढं दाट होतं की समोरचा दगड दिसत नाही, काका दुसऱ्या गिअरवर, पिवळे लाइट लावून, काच अर्धी खाली करून कानानं गाडी चालवल्यासारखे चालवतात. एकदा मधेच त्यांनी इंजिन बंद केलं आणि म्हणाले, ऐका. काहीच दिसत नव्हतं, फक्त डोक्यावरनं पातं फिरल्याचा आवाज, घुंऽ थांब घुंऽ, अगदी जवळ. वर्षातली बरीचशी वीज ह्याच पावसाळ्याच्या चार महिन्यांत तयार होते हे मी कितीदा वाचलंय, टाइप केलंय, पण अंगावर काटा आला तो तिथं.

आता खरी गोष्ट. मी पहिल्या वाडीत टॅब घेऊन उतरायला लागले तर काका म्हणाले, ताई, ते आत ठेवा, हिकडं असलं हातात घेऊन जमिनीचे एजंटच यायचे. मग मी शाळेची दोनशे पानी वही घेतली. दुसरं म्हणजे मी जाऊन पहिलाच प्रश्न विचारायची, एकरी किती मिळाले? आणि समोरचा माणूस गप्प व्हायचा. काकांनी सांगितलं असं विचारू नका, त्या साली घरात काय झालं ते विचारा. आणि खरंच, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा आकडा कुणाला आठवत नाही पण पैसे कशात गेले ते बरोबर आठवतं, लेकीचं लग्न, घरावर पत्रा, एक म्हैस, धाकट्याला मुंबईत खोलीचं डिपॉझिट, त्याच्यावरनं मागं मागं येत आकडा निघतो. माझी अख्खी प्रश्नावली मी त्या रात्री परत लिहिली.

एका आज्जींनी ट्रंकेतनं खरेदीखत काढलं, पॉलिथिनमध्ये गुंडाळलेलं, पण घड्या घालून घालून नेमकी रकमेची ओळच घडीवर फाटत आलेली. संध्याकाळ झालेली, लाइट नव्हती. काकांनी गाडीचा हेडलाइट लावला, कागद दोन्ही हातांनी कडेला धरून उजेडासमोर आडवा केला आणि आम्ही तिघांनी मिळून एकेक अक्षर लावलं. रक्कम सहा हिश्शांत वाटलेली होती. आज्जी म्हणाल्या, माझं नाव त्यात हाय का बघ. होतं. त्या कितीतरी वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसल्या.

परत येताना काका रोज विचारायचे आज काय कळलं, आणि मला सांगायला आवडायचं. मी सांगितलं की नव्वदच्या दशकात पवनचक्की बसवणाऱ्याला पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा, म्हणजे मशीनची अख्खी किंमत त्याच वर्षीचा खर्च म्हणून, दाखवून टॅक्स वाचवता यायचा, नंतर तो ८० टक्के झाला आणि एप्रिल २०१७ पासून ४० टक्के, म्हणजे मशीन किती फिरतंय यापेक्षा बसलंय का याला किंमत होती. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ताकद आठपट होते. तर ते म्हणाले, कड्याला वारा जास्त, मग जमीन कड्याच्या कडेला हाय का आत हाय ते बी लिवून घ्या की. मी ते लिहीतच नव्हते! मी ज्यांना भेटले त्यांच्या कडेच्या काय आणि आतल्या काय, सगळ्या जमिनींना वरकस, म्हणजे हलकी डोंगराळ जमीन, म्हणून एकच भाव लागला होता. तो कॉलम आता माझ्या तक्त्यात आहे आणि तो काकांमुळे आहे, प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तसं लिहिणार आहे.

सोलरचं पण त्यांनी खोदून खोदून विचारलं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी, म्हणजे शेतीपंपांना सोलरची वीज द्यायची राज्याची योजना, तिच्या दुसऱ्या टप्प्यात जमीन भाड्यानं घेतात, हेक्टरी वर्षाला १,२५,००० आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. २५ वर्षं धरली तर शेवटच्या वर्षी अडीच लाखाच्या वर जातं आणि सगळे मिळून साधारण साडेपंचेचाळीस लाख होतात. अर्थात आजच्या किमतीत हे बरंच कमी भरतं, आणि सोलरखाली एका मेगावॅटला चार-पाच एकर कुंपणात जातात, पवनचक्कीखाली गुरं तरी चरतात. काकांनी आकडा ऐकला आणि विचारलं, सातबारावर नाव कुणाचं राहतं? शेतकऱ्याचंच, म्हटलं. पुढं ठोसेघर येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. त्यांच्या वडिलांची पण दीड एकर वरची जमीन गेलीय, हे मला नवव्या दिवशी कळलं.

कमी काय आहे ते पण सांगते. मागची सीट कडक आहे, एसी चालत नाही, आणि भात लावणीच्या दिवसांत काका आठ-दहा दिवस मिळत नाहीत, स्वतःच्या शेतात असतात, नेमका तेव्हाच वारा जोरात असतो. माझं वेळापत्रक दोनदा पुढं गेलं. पण तसंही त्या दिवसांत वाडीत कुणीच घरात सापडत नाही, सगळे चिखलात, त्यामुळे फार काही बिघडलं नाही. एकट्या मुलीनं जावं का असं बऱ्याच जणी विचारतात, मी बारापैकी दहा दिवस एकटीच होते, दोनदा अंधार पडला, दोन्ही वेळा त्यांनी खाली आल्याआल्या, रेंज आल्यावर आधी माझ्या घरी फोन लावायला लावला.

दिवाळीनंतर मी ढालगावच्या पवनचक्क्या आणि जतकडं सोलर बघायला जाणार आहे, सांगली जिल्हा त्यांच्या रोजच्या भागाबाहेर आहे तरी येतो म्हणालेत, मुक्कामाचे जेवणखाण आपल्याकडं, बाकी रेट तोच.

बुकिंगला दुपारी फोन लावू नका, वर रेंज नसते. संध्याकाळी सातनंतर लावा, आणि काम जमिनीचं आहे हे आधीच सांगा, म्हणजे कुठल्या वाडीत आधी जायचं ते तेच सांगतील.