तेलाचा मसाज की थाई मसाज: कपड्यांचं काय?
तेलाच्या मसाजला जुने, सैल कपडे घालून जा. तेलाचे डाग सहज निघत नाहीत. आत किती कपडे काढायचे हे तुम्हीच ठरवायचं. अंगावर चादर असते, मसाज चालू असेल तेवढाच भाग उघडा राहतो. पहिल्यांदा जाणारे यालाच उगाच घाबरतात.

थाई मसाजात हा प्रश्नच नाही. तेल सहसा नसतं, जमिनीवरच्या गादीवर कपड्यांसकट हातपाय ताणले जातात. जीन्स मात्र नको, सैल सुती पायजमा हवा. लाजाळू माणसाने, माझ्या मते, इथूनच सुरुवात करावी.

जेवण दोन्हींच्या आधी दीड-दोन तास उरका. थाईत गुडघे छातीपर्यंत दुमडतात, भरलं पोट तिथे जास्त छळतं. दागिने घरीच. ताप असेल तर दोन्ही रद्द.