हेडलाइटवर केलेले चार प्रयोग: काय राहिलं, काय काढलं

आधी निकाल सांगतो, कारणं मागून येतील. माझ्या मोटरसायकलच्या कंपनीच्या हेडलाइटवर मी चार कामं केली: रिलेची (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचची) वायरिंग, फोकसचं सेटिंग, एलईडी बल्ब आणि दोन जादाचे एलईडी दिवे. काही महिने, पाऊस-धुक्यासकट वापरल्यावर एलईडी बल्ब उतरवला आणि बाकीची तिन्ही गाडीवर आहेत. सगळ्यात जास्त फरक पडला तो अशा कामाने, जे बाहेरून बघणाऱ्याला दिसतसुद्धा नाही.

गाडीत एच4 हॅलोजन बल्ब आहे, म्हणजे हाय आणि लो बीमच्या दोन तारा एकाच बल्बमध्ये, 60/55 वॉटचा, मागे गोल रिफ्लेक्टर. असल्या लाइटवर रात्री किती वेगाने जावं याचा हिशेब सोपा आहे. ताशी 80 ला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे लक्षात येऊन ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरला तर 33 मीटर तिथेच गेले. कोरड्या रस्त्यावर ब्रेक नीट लागला तरी आणखी पस्तीसेक मीटर. म्हणजे सत्तरच्या आसपास. लो बीमवर गडद कपड्यातला पादचारी किंवा रस्त्यात बसलेलं जनावर इतक्या लांबून दिसेल, याची खात्री धरता येत नाही. ताशी 60 ला हेच अंतर 45 मीटरवर येतं. लाइटवर खर्च करण्याआधी हे आकडे डोक्यात असलेले बरे, कारण कुठलाही बल्ब ब्रेकचं अंतर कमी करत नाही.

सुरुवात मल्टिमीटरने केली. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर 14.1 व्होल्ट मिळत होते आणि लाइट चालू असताना बल्बच्या कनेक्टरवर 12.3. मधले जवळजवळ दोन व्होल्ट बारीक वायर, जुना स्विच आणि काळपटलेल्या जोडांनी खाल्ले होते. हॅलोजनच्या बाबतीत ही गळती फार महागात पडते, कारण व्होल्टेज उतरतं त्याच्या कितीतरी पट वेगाने उजेड उतरतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटलं की उजेड ढोबळमानाने तीस टक्क्यांनी जातो.

उपाय जुनाच आहे. बॅटरीच्या प्लसवरून जाड वायर काढायची, बॅटरीपाशीच फ्यूज घालायचा आणि ती रिलेच्या 30 नंबरच्या पिनला द्यायची. 87 वरून बल्बला. हेडलाइटची मूळ वायर फक्त रिले ओढायला 86 वर, आणि 85 अर्थला. लो आणि हाय बीमला वेगवेगळे दोन रिले. बल्बची अर्थ फ्रेमच्या रंगवलेल्या बोल्टवर न टेकवता थेट बॅटरीच्या मायनसला नेली. त्यानंतर कनेक्टरवर 13.7 मिळाले. बल्ब तोच, पण उजेड चाळीस टक्क्यांच्या वर वाढला असणार. पिवळट लाइट एकदम पांढरा दिसायला लागला. शिवाय हँडलवरच्या स्विचमधून आता बल्बचा सगळा करंट जात नाही, त्यामुळे तो गरम होत नाही.

याची किंमत बल्बच्या आयुष्यात मोजावी लागते. व्होल्टेज पाच टक्क्यांनी चढलं की हॅलोजनचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. म्हणून एक जादा बल्ब कापडात गुंडाळून सीटखाली ठेवलाय. बसवताना काचेला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल लागलेल्या जागी काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. रिलेच्या पिना खालच्या बाजूला ठेवा, म्हणजे पाणी साचत नाही. वायर बांधून झाल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा. स्टिअरिंगच्या मानेपाशी माझी एक वायर ताणली जात होती, तिथे वळसा सैल सोडावा लागला. आणि हो, काही छोट्या गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर नसतो, थेट अल्टरनेटरच्या एसीवर चालतो. एक्सलरेटरबरोबर लाइट कमीजास्त होत असेल तर तो प्रकार, तिथे ही वायरिंग जशीच्या तशी चालणार नाही. आणि 100/90 वॉटचा बल्ब घालून काम उरकायच्या फंदात पडू नका. त्या उष्णतेने होल्डर वितळतो आणि रिफ्लेक्टरची चमकही जाते.

फोकस सेटिंगला एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक भिंत पुरते. सपाट जागा, भिंतीपासून 10 मीटर, गाडी सरळ उभी आणि वर नेहमीचं वजन. हे वजनाचं बहुतेक जण विसरतात. मागे माणूस आणि सामान बसलं की मागचं सस्पेन्शन दबतं, हेडलाइट वर बघायला लागतो, आणि आपल्याला रस्ता दिसायच्या ऐवजी समोरच्याच्या डोळ्यावर लाइट जातो. दिव्याच्या मध्याच्या उंचीवर भिंतीला खडूची रेघ मारली आणि लो बीमची वरची कड तिच्याखाली 10 ते 15 सेंटिमीटरवर आणली. कंपनीकडून आलेलं सेटिंग बरंच खाली होतं. दोन फेरे फिरवल्यावर जो रस्ता उघडला, तो कुठल्याही महागड्या बल्बने उघडला नसता.

आता एलईडी बल्ब. पहिल्या रात्री मीही खूश होतो. पुढचे दहा-पंधरा मीटर असे लख्ख की डांबरातली खडी मोजावी. पण गडबड नेमकी तिथेच आहे. जवळचा रस्ता फार उजळला की डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात आणि लांबचा अंधार आणखी दाट होतो. मन मात्र म्हणतं, काय मस्त लाइट आहे! एका ओळखीच्या सरळ रस्त्यावर रिफ्लेक्टर नसलेला एक खांब आहे. हॅलोजनवर तो ज्या ठिकाणाहून दिसायचा, त्याच्या बराच पुढे गेल्यावर एलईडीवर दिसला.

कारण रचनेत आहे. एच4 मध्ये लो बीमच्या फिलामेंटखाली छोटी धातूची वाटी असते, ती खालच्या दिशेचा उजेड अडवते आणि त्यातूनच बीमची स्वच्छ कड तयार होते. रिफ्लेक्टरचा आकार त्या बारीक तारेची जागा धरूनच ठरवलेला असतो. एलईडीमध्ये तारेच्या जागी एका पट्टीच्या दोन बाजूंना चिप. पट्टीला जाडी आहे, चिप एखादा मिलिमीटर इकडेतिकडे आहे, तेवढ्याने बीम फुटतो. माझ्याकडे कड जाऊन धूसर ढग उरला होता. समोरून येणारे सारखे अप्पर मारत होते, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. बल्ब कॉलरमध्ये फिरवून चिप घड्याळातल्या तीन आणि नऊच्या दिशेला आणल्यावर सुधारला, पण पुरता नाही. त्यात मागच्या पंख्यामुळे रबरी टोपी नीट बसेना, म्हणजे धूळ आणि दमट हवा आत जायला वाट मोकळी. पावसात आणि धुक्यात त्या साडेसहा हजार केल्विनच्या (म्हणजे निळसर झाकेच्या) पांढऱ्याचं चकाकणं इतकं त्रासाचं झालं की बल्ब काढताना वाईट वाटलं नाही. ज्यांच्या गाडीला मुळातच एलईडीसाठी बनवलेला हेडलाइट आहे, त्यांना हे लागू नाही. माझी तक्रार हॅलोजनच्या घरात घातलेल्या एलईडीबद्दल आहे. अनेक देशांत तो कायद्यातही बसत नाही.

जादाचे दिवे प्रत्येकी 20 वॉटचे, लांब पल्ल्याचे, क्रॅश गार्डवर. दोन्ही मिळून तीन-साडेतीन अँपिअर, अल्टरनेटरला जड नाही. ते हाय बीमच्या रिलेवर घेतलेत, त्यामुळे डिपर दिला की आपोआप बंद होतात. वेगळं बटण ठेवणाऱ्यांनी समोर गाडी आल्यावर ते बटण दर वेळी दाबून दाखवावं! क्लॅम्पचे बोल्ट मात्र कंपनाने ढिले होतात. लॉक वॉशर घातल्यावरही अधूनमधून पाना लावावा लागतो.

सगळ्यात स्वस्त सुधारणा हेल्मेटवर निघाली. ओरखडे पडलेल्या व्हायझरवर समोरचा प्रत्येक लाइट फुटून तारे दिसतात. नवी साधी पारदर्शक काच घातली आणि समोरून येणाऱ्या लाइटचा त्रास बऱ्यापैकी कमी झाला. टिंटेड व्हायझर रात्री नकोच.

वळणाचा प्रश्न अजून तसाच आहे. गाडी कलली की बीमही कलतो, वळणाच्या आतल्या बाजूची कड खाली येते आणि आपल्याला जिकडे बघायचं असतं तिथेच उजेड तोकडा पडतो. बीएमडब्ल्यूच्या के 1600 जीटीला यासाठी गाडीच्या कलण्याप्रमाणे फिरणारा हेडलाइट दिला आहे, पण माझ्या साध्या गाडीवर तसलं काही नाही. रुंद पसरणारे दोन छोटे दिवे खाली लावून बघायचा विचार आहे. तोवर वळणावर वेग कमी, हाच इलाज.